कूपरस्टाउनचं बेसबॉल म्युझियम: वरचे मजले अव्वल, खालच्या पाट्यांबद्दल बोलायला हवं

नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम अँड म्युझियम, कूपरस्टाउन, न्यूयॉर्क राज्य. म्युझियमला पाचपैकी पाच तारे, हॉल ऑफ फेमला, म्हणजे निवडून आलेल्या थोर मंडळींच्या पाट्यांच्या दालनाला, तीन. इमारत एकच, तिकीट एकच, मग निकाल दोन कसे, हे सांगायलाच लिहायला बसलेय. ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच विचारायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल: जा. बेसबॉल कळत नसेल तर कळणाऱ्या कुणाला तरी बरोबर घ्या. वाद घालणारा असेल तर उत्तमच.

आमच्या गाडीत वाद घालणारे तीन होते. नवरा न्यूयॉर्क यँकीज या टीमचा चाहता. त्याच्या लेखी जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू बेब रूथ, आणि १९३५ साली रूथ निवृत्त झाला तेव्हाच हा विषय संपला. चिरंजीव कॉलेजात संख्याशास्त्र शिकतात. त्यांचं दैवत बॅरी बॉन्ड्स, ज्याच्या विक्रमांवर स्टेरॉइडचा डाग आहे असं लोक म्हणतात, आणि नाही म्हणणाऱ्याने आधी आकडे दाखवावेत. मी विली मेज या जुन्या खेळाडूची चाहती. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे स्टेरॉइडचा विषय निघाला की दोघंही माझ्याकडे बघतात, जणू काही मीच ती पुरवली होती.

न्यू जर्सीहून चार तास धरून चला. शेवटचा टप्पा दुपदरी रस्त्याचा, दोन्ही बाजूंना शेतं, मग ओट्सेगो लेक आणि दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. मेन स्ट्रीटवर पाहावं तिकडे बॅटी, कार्डं, टोप्या. उन्हाळ्यात जवळपास लहान मुलांच्या स्पर्धा चालतात, त्यामुळे बारा-बारा वर्षांची पोरं टीमचे कपडे घालून रस्ताभर हुंदडत असतात आणि आई-बाप मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन. मोठ्यांचं तिकीट तीस डॉलरच्या आसपास आहे, मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत. जुलैच्या शेवटी नव्या मंडळींचा सन्मान सोहळा असतो. गर्दीची हौस असेल तरच तेव्हा जा.

इतक्या आडगावात हे म्युझियम का, याची गोष्ट मजेदार आहे. १९०७ मध्ये एका आयोगाने जाहीर करून टाकलं की बेसबॉलचा शोध ॲबनर डबलडे याने १८३९ साली कूपरस्टाउनमध्ये लावला. पुरावा एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या आठवणीचा. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता. पण गावातल्या स्टीफन क्लार्क यांनी, ज्यांच्या घराण्याचा पैसा सिंगर शिलाई मशीनचा, ही दंतकथा हाताशी धरून म्युझियम उभं केलं आणि बरोबर शंभर वर्षांनी, १२ जून १९३९ ला, ते उघडलं. ही दंतकथा होती हे आज म्युझियम स्वतःच सांगतं. स्वतःच्या पायाखालची जमीन पोकळ आहे हे भिंतीवर लिहून ठेवायला हिंमत लागते, आणि वरच्या मजल्यांवर ती हिंमत जागोजागी दिसते.

बघायला सुरुवात दुसऱ्या मजल्यापासून करतात. एकोणिसाव्या शतकापासून कालक्रमाने दालनं लागतात. कातडी हातमोजे इतके लहान की हिवाळ्यात घालायचे वाटावेत, लोकरीचे जाड युनिफॉर्म, बाटलीसारख्या जाडजूड मुठीच्या बॅटी. रूथला स्वतंत्र जागा आहे, आणि नवऱ्याने तिथे आम्हाला बराच वेळ अडकवून ठेवलं. १९२० मध्ये रूथने एकट्याने ५४ होम रन (बॉल थेट कुंपणापलीकडे, क्रिकेटमधल्या षटकारासारखा) मारले, तेव्हा त्याच्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या टीमचे तेवढे नव्हते. हे वाचलं की माणूस गप्प होतो. चिरंजीव झाले नाहीत. "बाबा, त्या लीगमध्ये एक तरी काळा खेळाडू होता का?" नव्हता. जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला १५ एप्रिल १९४७ ला. रूथने उभ्या कारकिर्दीत मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, एकाही सामन्यात काळ्या पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल खेळलेला नाही. जॉश गिब्सनसारखे लोक त्याच काळात काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत होते. २०२४ मध्ये मेजर लीगने त्या लीगचे आकडे अधिकृत धरले आणि कारकिर्दीच्या बॅटिंगच्या सरासरीत गिब्सन ०.३७२ वर, तोवर पहिल्या नंबरवर असलेल्या टाय कॉबच्याही पुढे, जाऊन बसला. काळ्या खेळाडूंच्या बेसबॉलचं नवं दालन २०२४ मध्येच उघडलंय. ते घाईत बघू नका. माझ्या मते संपूर्ण इमारतीतला सगळ्यात चांगला भाग तोच.

म्हणजे "स्वच्छ आकडे" हा शब्दप्रयोग वापरायचा असेल तर कुठून सुरू करायचा? नवऱ्याने यावर उत्तर दिलं नाही, पुढच्या काचेकडे गेला.

आता मुख्य गोष्ट. विक्रमांच्या वस्तूंमध्ये एक बॉल आहे. ७ ऑगस्ट २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत बॉन्ड्सने ७५६ वा होम रन मारून हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम मोडला, तो हा बॉल. लिलावात मार्क एको या फॅशन डिझायनरने तो ७,५२,४६७ डॉलरला घेतला आणि लोकांना इंटरनेटवर विचारलं, याचं करू काय? आहे तसा म्युझियमला देऊ, वर चांदणी उमटवून देऊ, की रॉकेटमध्ये घालून अंतराळात सोडू? लाखो लोकांनी मत दिलं आणि चांदणी जिंकली. छापील तक्त्यात एखाद्या आकड्यापुढे "अटी लागू" अशा अर्थाने टाकतात ती चांदणी. ती शाईने काढलेली असेल असं मला वाटत होतं. तसं नाही, बॉलच्या कातड्यात ती कापलेली आहे. पांढऱ्या कातड्यावर लाल टाक्यांची वळणदार ओळ, आणि मध्येच ही काटेकोर भोकं. विटंबना म्हणावी तर तशीही दिसते, दस्तऐवज म्हणावा तर तसाही.

माझ्या शेजारी त्या टीमवाल्या पोरांपैकी एक बापाबरोबर उभा होता. बाप बिचारा मनापासून सगळं समजावत होता, गोळ्या, इंजेक्शनं, खटला. पोराला त्यात काडीचा रस नव्हता. बॉल कितीला विकला गेला हे ऐकल्यावर मात्र डोळे विस्फारले आणि त्याने ताबडतोब विचारलं की स्टेडियममध्ये कुठल्या बाजूला बसलं की असा बॉल मिळतो.

हा बॉल म्युझियमने ठेवला, लपवला नाही, यासाठी माझ्याकडून एक तारा जास्त. १९९८ चा उन्हाळाही वर आहे. मार्क मॅग्वायर ७०, सॅमी सोसा ६६, रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा ६१ चा विक्रम पाचोळ्यासारखा उडाला. १९९४ च्या खेळाडूंच्या संपानंतर लोक बेसबॉलवर रुसले होते, ते त्या उन्हाळ्यात परत आले, असं सगळेच म्हणतात. त्याच ऑगस्टमध्ये एका बातमीदाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली होती. बातमी छापून आली, आणि लोक बातमीदारावरच चिडले! ते औषध तेव्हा दुकानात पूरक आहार म्हणून उघड मिळायचं, बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती. शरीरात गेल्यावर त्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं. अमेरिकेत ते २००४ मध्ये बंद झालं. मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं २०१० मध्ये.

आता मला माझ्या कामातलं थोडं बोलू द्या, कारण या विषयावर घरोघरी जे बोललं जातं त्यात अर्धं खोटं असतं. "स्टेरॉइड घेऊन कुणाला ताशी ९५ मैलांचा बॉल मारता येत नाही" हे खरं आहे. डोळे, वेळ साधणं, कुठला बॉल सोडायचा ही अक्कल, हे कुठल्याही कुपीत मिळत नाही. पण म्हणून फरक पडत नाही हे साफ खोटं. स्नायूंमध्ये प्रथिनं जास्त बनतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्यायामानंतर शरीर लवकर सावरतं. १६२ सामन्यांचा मोसम, जवळजवळ रोज खेळ. ऑगस्टमध्ये ज्याचे पाय गळाठत नाहीत त्याला केवढा फायदा. बॅटचा वेग जराही वाढला तरी जो बॉल कुंपणाच्या अलीकडे आउटफिल्डरच्या हातात पडायचा तो कुंपणापलीकडे जातो. आउटचा होम रन होतो. सरासरी थोडीच वाढते, होम रन धडाधड वाढतात.

आणि किंमत मोजावी लागते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, वाईट वर, हृदयाचा स्नायू जाड, बाहेरून टेस्टोस्टेरॉन येतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वंध्यत्व, मनःस्थितीचे झोके. पोटातून घ्यायच्या प्रकारांत यकृताचे हाल. आम्ही टेस्टोस्टेरॉन देतो ते ज्यांच्यात कमी आहे अशांना, रक्त तपासून, ठरलेल्या मात्रेत. जिममधल्या ओळखीचा माणूस देतो त्या मात्रेशी त्याचा संबंध नसतो. २००५ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे सुनावणी झाली तेव्हा खेळाडूंच्या आधी अशा आई-बापांनी साक्ष दिली होती ज्यांच्या तरुण मुलांनी स्टेरॉइडच्या नादात जीव दिला. टीव्हीवर मात्र राफाएल पाल्मेरोचं रोखलेलं बोट तेवढं लक्षात राहिलं. मी कधी घेतलं नाही, असं तो शपथेवर म्हणाला. चाचणीत सापडल्याचं ऑगस्टमध्ये जाहीर झालं.

बॉन्ड्सचं प्रकरण बाल्को नावाच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेचं. तिथे एक स्टेरॉइड मुद्दाम असं घडवलेलं होतं की चाचणीत सापडू नये. जिभेखाली थेंब टाकायचे. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज पाठवून दिली तेव्हा लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने त्याचं रसायन उलगडलं. ट्रेनरने आपल्याला जवसाचं तेल आणि संधिवाताचं मलम म्हणून ते दिलं, अशी साक्ष बॉन्ड्सने ग्रँड ज्युरीपुढे दिल्याचं फुटलेल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. जवसाचं तेल! काउंटरवर उभं राहून मी लोकांच्या बऱ्याच कहाण्या ऐकल्यात, पण ही आजही पहिल्या नंबरवर आहे. न्यायालयाचा हिशोब सांगायचा तर २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. बेसबॉलने स्टेरॉइडसाठी त्याला एक दिवसही बाहेर बसवलं नाही.

वरून खाली उतरलं की पाट्यांचं दालन. दाराशी रूथ आणि टेड विल्यम्स यांचे लाकडात कोरलेले पुरुषभर उंचीचे पुतळे आहेत. इतके हुबेहूब की नवऱ्याने रूथच्या मनगटाकडे वाकून पाहिलं. आत ओळीने ब्राँझच्या पाट्या, उंच छत, लोक आपोआप हळू बोलू लागतात. १९३६ ची पहिली पाच नावं, टाय कॉब, रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन. कॉबला २२६ पैकी २२२ मतं, रूथला २१५. म्हणजे रूथला नाही म्हणणारे अकरा शहाणे तेव्हाही होते. १०० टक्के मतं पहिल्यांदा मिळाली थेट २०१९ मध्ये, मारियानो रिव्हेराला.

इथे माझा एकेक तारा गळायला लागतो.

सगळ्यात जास्त होम रन, ७६२, ज्याच्या नावावर, त्या बॉन्ड्सची पाटी नाही. सर्वोत्तम पिचरचा सीवाय यंग पुरस्कार सात वेळा जिंकलेल्या रॉजर क्लेमेन्सची नाही. ४,२५६ हिट मारणाऱ्या पीट रोझची नाही. रोझचं निदान कारण स्पष्ट होतं. जुगारासाठी १९८९ मध्ये कायमची बंदी, आणि १९९१ मध्ये हॉलच्या संचालकांनी सरळ नियम केला की बंदी असलेल्याला मतपत्रिकेवर घ्यायचंच नाही. तो २०२४ मध्ये वारला, २०२५ च्या मे महिन्यात बंदी उठली, आता डिसेंबर २०२७ मध्ये त्याचं नाव समितीपुढे, म्हणजे पत्रकारांच्या मतदानातून न निवडलेल्यांचा विचार करणाऱ्या मंडळींपुढे, येऊ शकतं. मेल्यावर का होईना, संधी आली, आणि निदान नियम तरी होता.

स्टेरॉइडबद्दल असा नियम संचालकांनी कधी केलाच नाही. मत द्यायचं बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी, दहा वर्षं अनुभव असलेल्यांनी, आणि लागतात ७५ टक्के. मतदानाच्या नियमात प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हेही बघा असं म्हटलेलं आहे. म्हणजे काय बघा? ते तुमचं तुम्ही ठरवा. २०१७ मध्ये जो मॉर्गन यांनी, जे स्वतः इथले सदस्य आणि तेव्हा हॉलचे उपाध्यक्ष होते, मतदारांना पत्र लिहून विनवलं की स्टेरॉइड घेणाऱ्यांना आत आणू नका. पत्र लिहिता येतं, तर नियम का नाही लिहिला? शिवणकाम अर्धवट ठेवायचं आणि उसवलं की सुईला दोष द्यायचा, असला हा कारभार.

परिणाम काय झाला बघा. २०२२ मध्ये बॉन्ड्सचं दहावं आणि शेवटचं वर्ष, ६६ टक्के. क्लेमेन्स ६५.२. दोघं बाहेर. त्याच मतपत्रिकेवर डेव्हिड ऑर्टिझ, पहिलंच वर्ष, ७७.९ टक्के, आत. २००३ मध्ये गुप्त ठेवायच्या म्हणून चाचण्या झाल्या होत्या, त्यातल्या यादीत ऑर्टिझचं नाव असल्याचं २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. पुढे बेसबॉलचे आयुक्त मॅनफ्रेड म्हणाले की त्या चाचण्यांबद्दल शास्त्रीय शंका आहेत. शक्य आहे, मी त्या यादीवर कुणाला फाशी देणार नाही. पण ऑर्टिझ हसतमुख, पत्रकारांशी गोड, आणि बॉन्ड्स सगळ्यांशी फटकून वागणारा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

आणखी थोडं पुढे गेलात की बड सीलिग यांची पाटी लागते. १९९२ पासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंत बेसबॉलची सूत्रं यांच्या हातात. संपूर्ण स्टेरॉइड युग यांच्या अमदानीत. बंदी घातल्याचं पत्रक त्यांच्या आधीच्या आयुक्तांनी १९९१ मध्येच काढलं होतं, पण चाचणी नाही तर बंदी कसली. खेळाडूंच्या युनियनने चाचणीला विरोध केला हेही खरं. शिक्षेसकट चाचणी २००४ मध्ये आली, पहिल्यांदा सापडल्यास ५० सामने बाहेर हे २००६ मध्ये. बैल गेला आणि झोपा केला. मधल्या काळात स्टेडियमं भरली, टीव्हीचे करार झाले. मग २००७ मध्ये स्टेरॉइडच्या चौकशीचा मिचेल अहवाल आला, ८९ खेळाडूंची नावं घेऊन. सीलिग यांना समितीने १६ पैकी १५ मतांनी निवडलं आणि २०१७ मध्ये पाटी लागली. चारित्र्याची अट फक्त घाम गाळणाऱ्यांना असते काय? मी त्या पाटीपुढे जरा मोठ्यानेच हे म्हणाले, चिरंजीव म्हणाले, "आई, हळू."

आत कोण कोण आहे तेही सांगते. गेलॉर्ड पेरी, ३१४ विजय. बॉलला बेकायदा थुंकी, ग्रीस लावत असे, तसं त्याने स्वतः पुस्तक लिहून सांगितलं, खेळत असतानाच. १९९१ मध्ये आत. पड गॅल्विन तर १८८९ मध्ये प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेऊन पिचिंगला उतरला होता, आणि वर्तमानपत्रांनी कौतुक केलं होतं. त्या अर्काने काही झालं नसणार, हे मी औषधांच्या अभ्यासातून सांगते, पण नियत तीच ना? कॅप ॲन्सन आहे, काळे खेळाडू समोर असतील तर खेळणार नाही म्हणणारा. आणि ॲम्फेटामाइनच्या गोळ्या, ज्यांना खेळाडू "ग्रीनी" म्हणत, त्या तर १९६०-७० च्या दशकांत ड्रेसिंगरूममध्ये सर्रास होत्या. त्यांची चाचणी सुरू झाली २००६ मध्ये. ॲरनने स्वतः लिहिलंय की १९६८ मध्ये एकदा घेतली, छाती धडधडायला लागली, परत नाही घेतली. माझ्या मेजबद्दल १९८५ च्या एका खटल्यात त्याच्या जुन्या सहकाऱ्याने साक्ष दिली की त्याच्या लॉकरमध्ये असलं द्रव औषध पाहिलं. मेजने ते साफ नाकारलं. माझा मेजवर विश्वास आहे. पण बॉन्ड्सवाले हेच म्हणतात, हेही मला कळतं. त्यात गंमत अशी की मेज हा बॉन्ड्सचा गॉडफादर.

आता नवऱ्याची बाजू, कारण तीही हलकी नाही आणि त्याने ती गाडीत बसून चांगली मांडली. तो म्हणाला, तू बॉन्ड्सला काय मिळालं नाही ते मोजतेस, ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय? मेजर लीगच्या खालच्या ट्रिपल-ए मध्ये बसमधून फिरत राहिलेला कुणीतरी असेल, शेजारच्या खाटेवरचा पोरगा इंजेक्शन घेऊन वर गेला आणि हा घरी गेला. त्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. आणि फ्रेड मॅकग्रिफ बघ. ४९३ होम रन. १९९४ चा मोसम संपाने कापला नसता तर ५०० सहज. त्याच्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. आजूबाजूला लोक ६०-७० मारायला लागल्यावर त्याचे तीस-पस्तीस कुणाच्या डोळ्यांत भरेनात, पत्रकारांनी दहा वर्षं ताटकळत ठेवलं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये समितीने एकमताने घेतला, त्याच बैठकीत बॉन्ड्स आणि क्लेमेन्सना चार मतंही नाहीत. नवरा म्हणाला, ते बरोबरच झालं.

मॅकग्रिफच्या पाटीपुढे मी थांबले ते नवऱ्याच्या बोलण्यामुळे. तिथे माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही. पण एवढं म्हणेन की मॅकग्रिफवर झालेला अन्याय बॉन्ड्सला बाहेर ठेवून भरून निघत नाही. तो पाटीवर लिहून निघतो. आणि पाटी बदलता येते, हे हॉलने स्वतः दाखवलंय. जॅकी रॉबिन्सनच्या १९६२ च्या पाटीवर त्याने वर्णभेदाची भिंत मोडल्याचा उल्लेखच नव्हता. २००८ मध्ये नवी पाटी केली आणि तो घातला. मग बॉन्ड्सची पाटी लावा आणि त्यावर बाल्को लिहा. ७६२ लिहा, सात एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) लिहा, २००४ मध्ये पिचर इतके घाबरले की १२० वेळा त्याला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवलं, तेही लिहा. १९९८ पर्यंत, म्हणजे ज्या काळाबद्दल कुणी फारसा संशय घेत नाही तोवरच, ४११ होम रन, ४४५ स्टोलन बेस (पिचरची नजर चुकवून पळत गाठलेले बेस) आणि तीन एमव्हीपी होते, हे तर ठळक लिहा.

माझी स्वतःची रेघ विचाराल तर २००४ ची. त्याआधी सगळा खेळच त्यात होता, मालकांपासून. त्यानंतर नियम माहीत असून जे सापडले, मॅनी रामिरेझ दोनदा, ॲलेक्स रॉड्रिगेझ ज्याला २०१४ चा अख्खा मोसम बाहेर काढावा लागला, त्यांना मी मत देणार नाही. चिरंजीवांना ही रेघ सोयीची वाटते. "आई, तू बॉन्ड्सला बसवायला रेघ ओढलीस." असेल.

अलीकडची गोष्ट तर कादंबरीकाराला सुचणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये समिती पुन्हा बसली आणि निवडला कोण? जेफ केंट. १६ पैकी १४ मतं. बॉन्ड्सचा सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या टीममधला सहकारी, ज्याच्याशी २००२ मध्ये त्याची डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांजवळ) कॅमेऱ्यासमोर झटापट झाली होती. केंट चांगलाच होता, दुसऱ्या बेसवर फील्डिंग करणाऱ्यांत इतके होम रन कुणाचे नाहीत. पण तो बॉन्ड्सच्या मागे बॅटिंगला यायचा, आणि पुढे बॉन्ड्स बेसवर उभा असायचा. बॉन्ड्सला पाच मतंही नाहीत. नव्या नियमाप्रमाणे आता २०२८ च्या यादीत त्याचं नाव घेता येणार नाही. पुढची संधी २०३१, आणि तेव्हाही पाचाच्या खाली गेला तर दार कायमचं बंद. बघा, नियम करायचा म्हटलं की किती पटकन करता येतो.

दुकानाबद्दल दोन ओळी. पाट्यांची पोस्टकार्डं मिळतात, स्वस्त आहेत आणि टी-शर्टपेक्षा चांगली भेट. आम्ही मेजचं आणि मॅकग्रिफचं घेतलं. मॅकग्रिफचं नवऱ्याने, मुद्दाम, आणि गाडीत डॅशबोर्डवर माझ्यासमोर ठेवलं. बॅटवर नाव कोरून देणारी दुकानं मेन स्ट्रीटवर आहेत. बरोबर मुलं असतील तर तो खर्च धरूनच निघा. अर्ध्या दिवसात उरकू म्हणाल तर वरचा तिसरा मजला राहून जाईल, आणि चांगल्या वस्तू तिथेच जास्त आहेत. सकाळी उघडतानाच आत शिरा, आणि चांदणीचा बॉल बघायला म्हणूनच जाणार असाल तर आधी फोन करून तो सध्या मांडलेला आहे ना हे विचारून घ्या. वस्तू अधूनमधून बदलतात.